आक्कासाठी लावलेलं माळवं

मी हिवाळ्यात भाजीपाला लावते तो हौसेनं, असा आमच्या गावात सगळ्यांचा समज आहे. बचत गटाच्या बैठकीत एकदा तर मला उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरच्यांना बिनफवारणीचं ताजं माळवं खाऊ घालणारी बाई, असं गटाच्या अध्यक्षीणबाई माझ्याबद्दल बोलल्या. मी हात जोडले आणि खाली बसले. खरं कारण तिथं सांगण्यासारखं नव्हतं, कारण जिच्यामुळं मी हे माळवं लावायला लागले ती माझी थोरली जाऊ पहिल्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मला तिचं उट्टं काढायचं होतं. एरवी मेथी-पालकाचं मला काही विशेष कौतुक नाही. बाजारात जुड्या मिळतातच.

माझं माहेर अंबाजोगाईकडचं आणि सासर उमापूरच्या बाजूचं. जिल्हा एकच, पण माहेरी जो सण वर्षातला सगळ्यात मोठा, तो सासरी कुणाच्या गावीही नव्हता. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत, मार्गशीर्षाच्या शेवटी येते. त्या दिवशी माहेरच्या गावात दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही, सगळं गाव शेतात असतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत मातीचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भेटेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. जेवायला बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे मला सासरी आल्यापासून शंभर जणांना सांगावं लागलंय. हरभऱ्याचे ओले दाणे म्हणजे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगं, त्या दिवशी रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात शिजतं आणि त्याला वरून बेसन, चिंच आणि हिरव्या मिरचीचा ठेचा लागतो. दिसायला ती काही फार देखणी नसते, हे मी मान्य करते. पण मी मान्य करणं वेगळं आणि दुसऱ्यानं म्हणणं वेगळं.

लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला माझी माय भज्जी घेऊन आली. पहाटे उठून रांधलेली भज्जी डब्यात भरून, डब्याचं तोंड फडक्यानं बांधून, तेलगावला गाडी बदलून ती दुपारी आमच्या दारात उतरली. डब्याला बांधलेलं फडकं हिरवं झालं होतं. घरात सगळे होते. थोरल्या जावेनं, तिला मी आक्का म्हणते, डब्याचं झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आगं बया, विहिणबाई, असं आंबोण तर आमी म्हशीला ठेवताव."

सगळे हसले. सासरे हसले, दीर हसले, माझा नवरासुद्धा मिशीत हसला. तेही मी गिळलं असतं. पण माय हसली. लेक ज्या घरात दिली त्या घरात बाई दुसरं काय करणार? तोंडाला पदर लावून ती हसली आणि म्हणाली, खरंच की, म्हशीनं बघितलं तर डबा सोडायची न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली आणि तिनं तो डबा परतसुद्धा नेला नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की ही बाई एक दिवस माझ्या हातची भज्जी खाईल आणि आपल्या तोंडानं परत मागेल. ती मागेल तेव्हा माय समोर बसलेली असेल. एवढंच मला हवं होतं, याहून जास्त काही नाही आणि कमीही नाही.

पुढं कैक वर्षं नुसते दात-ओठ खाण्यात गेली. घर एकत्र होतं, चूल आक्काच्या हातात होती आणि शेतात कपाशी नाहीतर ऊस. बांधावर चार वांगी लावायची म्हटली तरी दीर म्हणायचे, जागा अडते. मग वाटण्या झाल्या आणि विहिरीच्या अंगाचा एक तुकडा आमच्याकडं आला. त्या वर्षी मी हौसेनं येळवस केली. नवऱ्यानं कोप बांधली, मी बाजारातून सगळं आणून भज्जी केली आणि दिराच्या घरच्यांना बोलावलं. आक्का आली. एक घास खाल्ला, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, बाजारातून आणायचं आन शेतात बसून खायचं, मंग बाजारातच बसून खाल्लेलं काय वाईट? राग याचा आला की ती खरं बोलली होती. भज्जी रानाची असते. विकत आणलेल्या जुड्यांची करून मीच तिच्या हातात काठी दिली होती.

मायला फोनवर हे सांगितलं. माझी माय समजूतदार वगैरे आहे असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ती म्हणाली, "सगळं तुज्या मातीतलं पायजे. एक दाणाबी इकत न्हाई." आणि आठवड्यानं भावाबरोबर चाकवत, चुका आणि पावट्याचं बी पाठवून दिलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती फोनवर आधी माझी तब्येत विचारायची, मग जावयाची, आणि मग आवाज खाली करून, तिनं मागितली का, हे विचारायची.

नवऱ्याला माझं हे वेड पटत नव्हतं. कावून जीव काढायलीस, असं तो रोज विचारायचा. पण विहिरीजवळचा पट्टा त्यानं कपाशीतून सोडला. वाफे ओढून दिले, पाण्याचा दंड काढून दिला. बाकी सगळं माझ्यावर सोपवून तो मोबाईलवर हवामानाचा अंदाज ऐकत बसायचा.

आणि हवामान तर आक्काच्या बाजूनंच होतं. पहिल्या हिवाळ्यात परतीचा पाऊस परत जायचं नाव घेईना. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी रोज दुपारनंतर आभाळ भरून यायचं. मोबाईलवाला म्हणायचा कोरडं राहील आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पत्रे वाजायला लागायचे. वाफसाच येईना, जमीन पेरण्याजोगी सुकेचना. चिखलात टाकलेली मेथी पिवळी पडून सडली, चाकवत उगवलाच नाही, गाजराचं बी वाहून कुठल्या कुठं गेलं. आक्काचं शेत बांधाला बांध. ती बांधावर उभी राहून माझ्या वाफ्यांतलं पाणी बघायची. एके दिवशी म्हणाली, भात लाव की. घरी येऊन मी तिच्या नावानं पीठ मळलं.

दुसऱ्या हिवाळ्यात पाऊस वेळेवर गेला, सगळं उगवलं, आणि नेमकी माशी शिंकली. थंडी आलीच नाही. नुसतं ढगाळ. सकाळी धुई अशी की विहिरीवरून घर दिसायचं नाही, आणि दुपारी घाम. असल्या हवेत मावा पडतो. पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, चुक्याची पानं चिकट झाली, वाटाण्याचा फुलोरा गळाला. मी राख टाकली, निंबोळी उकळून मारली, शेंडे खुडून जाळले. बिनफवारणीचं म्हणून टाळ्या मिळाल्या त्या पुढं, त्या वर्षी तर दुकानातून औषध आणून मारायचाही विचार केला होता. पण ज्या पावट्याला विष मारलंय तो आक्काला खाऊ घालण्यात काय मजा? लोक वेगळंच म्हणाले असते.

त्याच हिवाळ्यात आक्का तापानं आजारी पडली. चांगली महिनाभर अंथरुणाला होती. मी रीतीप्रमाणं जाऊन आले. बरी झाल्यावर तिनं घरी सत्यनारायण घातला आणि सवयीनं स्वयंपाक स्वतः केला. वांग्याच्या भाजीत एवढं मीठ की पहिल्या पंगतीतली माणसं पाण्याचे तांबे मागायला लागली, आणि शिऱ्यात साखर नावाला. जिच्या हाताची चव सगळ्या भावकीत वाखाणली जायची, तिची ती गत. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी मायला मुद्दाम फोन करून सांगितलं. माय म्हणाली, देव बघतो. आम्ही दोघी हसलो.

तिसऱ्या हिवाळ्यात सगळं जमलं आणि मी स्वतःच गाढवपणा केला. त्या साली धोंड्याचा महिना होता, म्हणजे अधिक मास. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे म्हणून माझा नवरा माझ्या माहेरी जाऊन पोटभर जेवून आला. मी स्वतः महिनाभर एकवेळ जेवत होते. म्हणजे अधिक महिना मला माहीत नव्हता असं नाही. पण पेरणी आम्ही नक्षत्रावर करतो. चित्रा लागलं की हरभरा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. नक्षत्रं आपल्या जागेवर असतात, आणि तिथ्या धोंड्याच्या महिन्यानं पुढं ढकललेल्या. मी चित्रात पेरलं. थंडीही सुरेख पडली. मार्गशीर्ष लागता लागता शिवारात कुणाकडं नसेल असा हरभरा माझ्याकडं होता, पावटा लोंबत होता, वाटाण्याच्या शेंगा टचटचीत भरल्या होत्या. आणि अमावस्या अजून किती तरी लांब. मी रोज वाफ्यांतून फिरायचे आणि घाटे दाबून बघायचे. येळवस आली तोवर हरभरा कडक झाला होता, तूर वाळली होती, वाटाणा वेलावरच सुकला होता. मेथी काय, पुन्हा टाकता येते. सोलाणे कुठून आणणार?

मायला फोन केला तर तिनं मलाच झापलं. कालनिर्णय भिंतीला कशाला लावलंय, असं म्हणाली. शेवटी डाळ भिजवून घरातल्या घरात काहीतरी केलं आणि कुणालाही बोलावलं नाही. आक्का मात्र बांधावरून विचारून गेली, "कावून बाई, औंदा तुमची आमावस्या न्हाई का?"

त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं वर्ष काढलं.

चौथ्या हिवाळ्यात मी कॅलेंडर समोर ठेवून येळवशीपासून उलटं मोजत आले आणि पेरणी थोडी थोडी करून तीन खेपांत केली. एक खेप गेली तर दुसरी सापडेल. पाऊस वेळेत थांबला. थंडी हळूहळू वाढत गेली, जशी वाढावी तशी. चाकवताची पानं तळहाताएवढी झाली. मी आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण बांधापलीकडून दोन डोळे बघत होते. आणि येळवस आठवड्यावर आली असताना दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं-पिवळं होत आलं. नवरा चौसाळ्याला लग्नाला गेला होता. मोबाईलवाल्यानं काय सांगितलं होतं ते मी ऐकलंसुद्धा नव्हतं. वारा सुटला तशी मी घरात पळाले, कपाट उघडलं आणि हाताला लागतील त्या साड्या काढल्या. रोजच्या नेसायच्या, ठेवणीतल्या, मायनं बाळंतपणाला घेतलेली हिरवी. तुराट्या रोवून वाफ्यांवर साड्या ताणल्या, कडांना ढेकळं ठेवली. शेवटची गाठ मारत होते तेव्हा बोराएवढ्या गारा पडायला लागल्या. मी तिथंच वाकून, डोक्यावर पाटी धरून उभी राहिले.

पलीकडं आक्का तिच्या गोठ्याच्या दारात उभी होती. गारा थांबल्यावर ती बांधावर आली, माझ्या वाफ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "माळव्याला शालू नेसवलास की."

माझ्या कानशिलावर गार लागून टेंगूळ आलं होतं. मी म्हणाले, हो, पाहुणे येणार आहेत. तिच्या कपाशीची उरलीसुरली बोंडं गळून चिखलात पडली होती. ती तिनं वेचायला घेतली. मी बघत राहिले. साड्यांना जागोजाग भोकं पडली होती, पण खाली सगळं हिरवंगार होतं.

येळवशीला माय आली. आता तिला गाडी बदलून येणं जमत नाही. भावानं जीपनं आणून सोडलं. कोपीसमोर सतरंजी टाकून तिला बसवलं. माहेरी आंबील शिंपडत शेताभोवती फिरताना गडीमाणसं काहीतरी ओरडतात. त्या शब्दांचा अर्थ तिथंही कुणाला माहीत नाही. नवऱ्यानं ते ओरडायचं नाकारलं, म्हणून मायच बसल्या जागेवरून ओरडली. दिराच्या घरची सगळी आली. आक्का सगळ्यांत शेवटी आली आणि नेमकी मायच्या समोर बसली.

मी वाढलं. बाकी कुणी काय खाल्लं, कोण काय बोललं, मला आठवत नाही. मी आक्काच्या ताटाकडं बघत होते. तिनं उंडा कुस्करला, भज्जीत कालवला, खाली मान घालून खाल्ला. ताट पुसून घेतलं. मी भांडं घेऊन मुद्दाम तिच्यापासून लांब, दिराच्या बाजूला उभी होते. तेव्हा तिनं मान वर केली. माझ्याकडं नाही, मायकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "विहिणबाई, तुमच्या लेकीला सांगा, मला आजून वाढ म्हणावं."

मायनं माझ्या हातातलं भांडं घेतलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तिनं स्वतः वाढलं. आक्कानं ते संपवलं आणि परत मागितलं. मायचा चेहरा मी बघितला. एवढ्या वर्षांत तो तसा कधी झालेला मी बघितला नव्हता. मला वाटलं, चारी हिवाळे वसूल झाले. आता गारा पडोत नाही तर वीज. जाताना जीपमध्ये बसल्यावर तिनं माझा हात दाबला. भावाला दिसू नये असा, पदराखालून.

सगळे गेल्यावर मी भांडी घेऊन विहिरीवर गेले तर आक्का तिथं आधीच पातेलं घासत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण माझं पोट भरलं नव्हतं. तिच्या तोंडून अजून काढून घ्यायचं होतं. मी अगदी साळसूदपणानं विचारलं, चुका जरा जास्त पडला का, आक्का, आंबट झाली होती का?

ती म्हणाली, "आंबट व्हती का?"

मला वाटलं खोचून बोलतेय. पण ती घासतच होती, तोंड साधं होतं. मग म्हणाली, "मला कुटं कळतंय. त्या तापापासून मला चवच न्हाई. वासबी न्हाई. मीठ काय, साखर काय, समदं माती. घरात कुणाला बोलले न्हाई मी, एका सुनेला ठाव हाय."

मी परात खाली ठेवली. मी विचारलं, मग दोनदा मागितलीत कशाला?

"तुजी माय समूर बसली व्हती," ती म्हणाली. "त्या दिशी ती हसली ना, तवाच मला कळलं व्हतं, मी काय बोलले ते. मागं कुटं घेता येतंय बोललेलं? ती परत ह्या दारात आलीच न्हाई. आज आली."

मला सणकून राग आला. माझे चार हिवाळे, माझ्या साड्या, कानशिलावरचं टेंगूळ, आणि या बाईनं तोंडात मातीसारखा घास घोळवत माझा सूड स्वतःच्या हातानं उरकून टाकला होता. मला तिच्याकडून घ्यायचं होतं ते तिनं माझ्या मायला परस्पर देऊन टाकलं. मला रडू आलं. ते तिच्यासाठी येतंय हे कळलं तेव्हा आणखीच राग आला, आणि मी पदरानं नाक पुसून तिच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. मायला हे सांगायचं नाही, एवढं तिथल्या तिथं ठरवलं.

डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. येईल म्हणतात, तिनं सांगितलं, पण कधी ते त्यांनाही माहीत नाही.

"मंग मी दरसाल लावणार," मी म्हणाले. "तुमाला चव येईस्तोवर सुटका न्हाई, आक्का."

"लाव," ती म्हणाली. "पण पावटा जरा जास्त घालत जा. दाताखाली येतो, तेवढा तरी कळतो मला."